क्लबचं रौप्यमहोत्सवी वर्ष आणि त्यातून निधी उभा करायचा कसा: पहिल्या मीटिंगपासून शेवटच्या हिशोबापर्यंत

तालुक्याच्या गावातला रोटरी किंवा लायन्स क्लब पंचविशीत आला की बोर्ड मीटिंगला पहिला विषय निघतो तो हॉल कुठला घ्यायचा आणि चीफ गेस्ट कोण. माझं म्हणणं असं की हा विषय तिसऱ्या चौथ्या मीटिंगला घ्या. पहिल्या मीटिंगला दोनच गोष्टी ठरवा, एक म्हणजे हे वर्ष संपेल तेव्हा गावात नवीन काय सुरू झालेलं असेल, आणि दुसरी म्हणजे समारंभाचा खर्च कोणाच्या खिशातून होणार. ही दोन उत्तरं पक्की असली की बाकीचं वर्षभराचं काम बरंचसं आपोआप रांगेला लागतं, आणि ती पक्की नसली की मग कार्यक्रम झोकात होतो, फोटो छान येतात आणि जूनमध्ये ट्रेझरर हिशोब घेऊन एकटा बसलेला असतो.

मी इथे एकच उदाहरण धरून सगळं सांगतो म्हणजे सोपं जाईल. समजा क्लबने ठरवलंय की रौप्यमहोत्सवी वर्षात गावातल्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये डायलिसिस युनिट सुरू करायचं. तुमचं काम वेगळं असेल, शाळेची स्वच्छतागृहं असतील, मोतीबिंदूची ऑपरेशन्स असतील, ओढ्यावर वनराई बंधारे असतील, पण पायऱ्या साधारण याच.

काम आधी, कार्यक्रम नंतर

शिकागोत पॉल हॅरिस आणि मंडळींनी २३ फेब्रुवारी १९०५ ला रोटरी सुरू केली, पण सुरुवातीला तो एकमेकांना धंद्यात मदत करणाऱ्या मित्रांचा गटच होता, समाजासाठीचं पहिलं मोठं काम त्यांनी १९०७ पासून हातात घेतलं आणि ते होतं शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पाठपुरावा करण्याचं. मला हे नेहमी सांगावंसं वाटतं कारण बोर्डात कोणीतरी म्हणतंच की काम जरा दिसणारं पाहिजे, बोर्ड लावता आला पाहिजे. कामाची गरज आधी बघा हो, बोर्डाची जागा नंतर सापडते.

गरज बघायची म्हणजे काय करायचं? चार पाच मेंबरांनी ग्रामीण रुग्णालयात, दोन तीन खाजगी डॉक्टरांकडे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या डायलिसिस सेंटरमध्ये जाऊन विचारायचं की आपल्या तालुक्यातून किती पेशंट येतात, कसे येतात, कोणत्या पाळीला येतात. पेशंटला सहसा आठवड्यातून दोन किंवा तीनदा डायलिसिस लागतं, एका वेळेला चार तास मशीनवर, वर जाण्यायेण्याचे तास, आणि सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे त्या माणसाचा रोजगार पण बुडाला. हा आकडा वहीत लिहून आणला की पुढे देणगी मागताना दुसरं काही बोलायची फारशी गरज पडत नाही.

आणि एक नीट समजून घ्या, मशीन हा त्यातला सोपा भाग आहे. मशीनसाठी देणगीदार मिळतो. अवघड असतं ते पाण्याचं, म्हणजे आरओ प्लँट, कारण डायलिसिसला प्रत्येक वेळेला शंभराच्या वर लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, मग जनरेटर, प्रशिक्षित टेक्निशियन, ठरलेल्या दिवशी येणारा किडनीतज्ज्ञ, कावीळ बी किंवा सी असलेल्या पेशंटसाठी वेगळं मशीन, आणि दर महिन्याला लागणारं डायलायझर म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर, ट्यूबिंग, औषधं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण त्यासाठी हॉस्पिटल योजनेशी जोडलेलं असावं लागतं, तेव्हा ते हॉस्पिटलशी आधीच बोला. तुमचं बजेट कागदावर मांडताना दोन ओळी वेगळ्या ठेवा: एकदाच होणारा खर्च आणि दरमहा होणारा खर्च. दुसऱ्या ओळीची निदान तीन वर्षांची सोय दिसत नसेल तर मशीनची संख्या कमी करा, पाचाऐवजी दोन घ्या. बंद पडलेली पाच मशीन असण्यापेक्षा रोज तीन पाळ्या चालणारी दोन कधीही चांगली.

हॉस्पिटलबरोबर लेखी करार करायचाच. जागा कोणाची, लाईटबिल कोण भरणार, पेशंटकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे, मशीन बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्त, आणि उद्या हॉस्पिटलने युनिट बंद करायचं ठरवलं तर मशीन कोणाची. ओळखीतलं हॉस्पिटल आहे, डॉक्टर आपलेच मेंबर आहेत, म्हणून करार राहिला असं होऊ देऊ नका, उलट ओळखीत तर तो जास्त लागतो.

समारंभाचा पैसा वेगळा, लोकांचा पैसा वेगळा

या सगळ्या लेखात मला एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही. लायन्समध्ये तर नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामाला जाणार, क्लबचा स्वतःचा खर्च म्हणजे मीटिंग, जेवण, पिना, कॉलर, इंटरनॅशनल आणि डिस्ट्रिक्टचे ड्यूज हे मेंबरांच्या वर्गणीतून. म्हणून तिथे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह आणि ॲक्टिव्हिटी अशी दोन खाती ठेवतात. तुमचा क्लब रोटरी असो, इनर व्हील असो, जेसी असो किंवा गावातलं साधं मित्रमंडळ असो, ही पद्धत उचला. बँकेत दोन खाती, दोन पासबुकं, दोन क्यूआर कोड. निधीच्या कार्यक्रमाचा थेट खर्च, म्हणजे नाट्यगृहाचं भाडं वगैरे, त्या कार्यक्रमाच्या जमेतून वजा होऊ शकतो, ते सगळीकडे मान्य आहे. पण चार्टर नाईटचं, म्हणजे क्लबच्या स्थापनादिनाच्या समारंभाचं जेवण, मोमेंटो, डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांचा, म्हणजे आपल्या विभागातल्या क्लबांच्या प्रमुखांचा मुक्काम, फ्लेक्स हे त्यातून अजिबात नाही.

मग समारंभ कशातून? मेंबरांच्या रौप्यमहोत्सवी वर्गणीतून. दर कुटुंबाला एक रक्कम ठरवा, दोन हप्त्यांत घ्या, ज्याला जमत नाही त्याच्याशी प्रेसिडेंटने एकट्याने बोलावं, ग्रुपवर यादी टाकू नये. जेवढी वर्गणी जमेल तेवढाच समारंभ. एवढं एक वाक्य ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, नंतर खूप भांडणं वाचतात. आणि समारंभातून काही उरलंच तर ते निधीत टाका. रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली मांडली आणि त्यात पहिली देणगी पडली ती १९१८ मध्ये, कॅन्सस सिटीच्या क्लबने त्यांच्याकडे झालेल्या अधिवेशनातून उरलेले २६ डॉलर ५० सेंट दिले. समारंभातून उरलेल्या पैशाने सुरू झालेला तो निधी पुढे पोलिओच्या मोहिमेपर्यंत पोचला, भारताला पोलिओमुक्त जाहीर केलं गेलं २७ मार्च २०१४ ला, हे मेंबरांना मीटिंगमध्ये सांगा, जुन्या लोकांचे चेहरे बघा कसे होतात, कारण पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर तीच मंडळी बसलेली असायची.

कॅलेंडर

रोटरी आणि लायन्स दोन्हीकडे वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. तुमची चार्टर तारीख मार्चमध्ये असेल तर तयारी आदल्या प्रेसिडेंटच्या काळात सुरू करावी लागते, म्हणून कमिटीत चालू प्रेसिडेंट, पुढचा प्रेसिडेंट आणि एक जुना जाणता पास्ट प्रेसिडेंट असे तिघं पाहिजेतच. चेअरमन मात्र एकच ठेवा, आणि तो असा निवडा ज्याने संध्याकाळी सातला फोन केला तर लोक तो उचलतील.

महिन्यांचं म्हणाल तर जुलै ऑगस्ट पावसात आणि पेरणीत जातात, तेव्हा कागदपत्रं आणि कोटेशन्स उरकून घ्या. गणपतीच्या आधीचा महिना देणगी मागायला वाईट, दुकानदाराकडे आधीच मंडळांच्या पावत्यांची चळत असते. पितृपक्षात मोठा कार्यक्रम ठेवत नाहीत लोक. दिवाळी पहाट हा आपल्याकडचा हमखास गर्दीचा कार्यक्रम, गाण्याचा असतो, सकाळचा असतो, जेवणाऐवजी फराळावर भागतं, पण चांगले कलाकार फार आधी बुक होतात. डिसेंबर जानेवारी सगळ्यात उत्तम. फेब्रुवारी मार्चला दहावी बारावी, घरोघरी परीक्षा, नाटकाला निम्मं घर येत नाही. मार्चएंडला व्यापारी जाहिरातीचे पैसे द्यायला टाळतो, पण टॅक्स वाचवणारा देणगीदार त्याच महिन्यात फोन उचलतो, म्हणजे मार्चमध्ये जाहिराती नाही, देणग्या मागा. ऊसपट्ट्यात असाल तर शेतकऱ्याच्या हातात बिल कधी पडतं ते कारखान्याच्या माणसाला विचारून मग तारीख धरा.

कागदपत्रं, कंटाळवाणी आहेत पण वगळू नका

बऱ्याच ठिकाणी क्लब आणि क्लबचा चॅरिटेबल ट्रस्ट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. देणगीची पावती आणि आयकराची सवलत द्यायची तर ती ट्रस्टच्याच नावाने, आणि ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेला पाहिजे, आयकराची १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफीची) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत मिळण्याची) नोंदणी चालू पाहिजे. चालू म्हणजे मुदत बघा, आता ती कायमची नसते. ट्रस्टच नसेल तर या वर्षापुरतं ज्या हॉस्पिटलला देताय त्या हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या नावाने थेट चेक घ्या, तेही चालतं, फक्त पावत्यांची नोंद क्लबनेही ठेवायची.

८०जीचं लोकांना सांगताना खरं सांगा. २००० रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही. ज्याने नवी करप्रणाली घेतलीय त्याला ८०जीचा फायदा मिळतच नाही, आणि आता बरेच नोकरदार नव्या प्रणालीत आहेत, म्हणजे फक्त टॅक्स वाचतो म्हणून मागत फिरण्यात फार दम राहिलेला नाही, कामासाठीच मागावं लागणार आणि ते चांगलंच आहे. देणगीदाराचा पॅन पावतीच्या वेळीच घ्या, कारण वर्षाअखेरीला ट्रस्टला देणग्यांचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं, १०बीडी फॉर्म, ३१ मेपर्यंत, आणि त्यावरूनच देणगीदाराचं १०बीई सर्टिफिकेट निघतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर तुमच्या सीएकडून एकदा तपासून घ्या.

लकी ड्रॉची तिकिटं विकून पैसे जमवायची कल्पना प्रत्येक मीटिंगला एकदा येते. ती मागे ठेवा. पैसे घेऊन नंबर काढून बक्षीस देणं हे लॉटरीच्या कायद्यात अडकू शकतं आणि सेवाभावी कामाला तो डाग कशाला.

अमेरिकेत किंवा दुबईत असलेले आपल्या गावचे लोक मदत करायला फार उत्सुक असतात. त्यात भारतीय पासपोर्ट असलेला माणूस बँकेतून पाठवत असेल तर अडचण नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचा पैसा परदेशी समजला जातो आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसलेल्या ट्रस्टने तो घ्यायचाच नाही. गावच्याच माणसाला नाही म्हणायला जीवावर येतं, पण घेऊ नका. ज्या संस्थेकडे ती नोंदणी आहे तिच्यामार्फत तो नीट मार्गाने आणता येतो का ते बघा.

पैसे कुठून आणायचे

नाटकाचा प्रयोग. आपल्या मराठी गावांत हा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा मार्ग आहे. निर्मात्याच्या व्यवस्थापकाशी बोलून ठरावीक रकमेला प्रयोग घ्यायचा, त्यात काय काय येतं ते विचारून लिहून घ्यायचं, सेटचा ट्रक, कलाकारांची बस, राहणं, जेवण, नाट्यगृहाचं भाडं, जादा लाईट. आता गणित बघा. समजा ८०० खुर्च्या आहेत. पुढच्या २०० हजार रुपयांनी, मधल्या ३०० पाचशेने, मागच्या ३०० तीनशेने. सगळं विकलं गेलं तर ४ लाख ४० हजार. पण सगळं विकलं जात नाही, पाऊण धरा, ३ लाख ३० हजार. खर्च अडीच लाख धरला तर हातात उरले ८० हजार. दोन महिने चाळीस मेंबर पळाले आणि ८० हजार! म्हणून प्रवेशिका छापायच्या आधी दोन प्रायोजक असे शोधा जे मिळून अडीच लाखांचा खर्च उचलतील, त्यांचं नाव पडद्यावर, प्रवेशिकेवर, सगळीकडे टाका. मग तिकिटाचा प्रत्येक रुपया डायलिसिसला जातो आणि हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता, आणि हे सांगता आलं की तिकिटंही जास्त खपतात. प्रायोजक मिळाले नाहीत तर प्रयोग घेऊ नका. हे कडक वाटेल, पण हाच निर्णय सगळ्यात जास्त पैसे वाचवतो.

प्रवेशिकांवर अनुक्रमांक पाहिजेत, कोणत्या मेंबरला कितव्यापासून कितवीपर्यंत दिल्या ते रजिस्टर पाहिजे, आणि न खपलेल्या परत करायची तारीख प्रयोगाच्या दहा दिवस आधीची ठेवा. त्या तारखेनंतर ज्याच्याकडे राहिल्या त्याने त्या घेतल्या असं समजायचं. तिकिटाच्या पैशावर ८०जीची पावती देऊ नका, त्या माणसाने पैसे देऊन नाटक बघितलंय, ती देणगी नव्हे. ५०० रुपयांच्या वरच्या तिकिटाला जीएसटीचा हिशोब वेगळा होतो तेही सीएला आधी विचारा. पोलीस परवानगी, आणि उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद, हे धरून वेळ ठरवा.

स्मरणिका. पंचवीस वर्षांचा इतिहास आणि जाहिराती. खरं सांगायचं तर स्मरणिकेत पैसा आहे, नाटकापेक्षा जास्त, कारण खर्च फक्त छपाईचा. पण लागते ती वसुली. मलपृष्ठ, आतलं कव्हर, रंगीत पान, साधं पान, अर्धं पान, शुभेच्छा पट्टी, असं रेटकार्ड करा. फॉर्मवर जाहिरातदाराची सही आणि शिक्का घ्या, मॅटर त्याच दिवशी घ्या, आणि पैसे फॉर्मबरोबरच. छापून झाल्यावर देतो म्हणणाऱ्या पंधरा जणांचे पैसे कधीच येत नाहीत असं नाही, पण त्यांच्या मागे जो ट्रेझरर फिरतो त्याचं वर्ष संपतं. जाहिरातदाराला बिल द्यायचं, देणगीची पावती नाही, त्याला तो धंद्याचा खर्च दाखवायचा असतो. छापील प्रत प्रत्येक जाहिरातदाराला हातात नेऊन द्या, पुढच्या वेळची जाहिरात तिथेच मिळते.

आणि स्मरणिकेतला मजकूर मनापासून करा. चार्टर मेंबर आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड करून घ्या, पहिला प्रोजेक्ट कसा केला, वर्गणी किती होती, मीटिंग कोणाच्या घरी व्हायची. जे गेलेत त्यांच्या घरच्यांकडून फोटो मागा. गव्हर्नर, आमदार, नगराध्यक्ष यांचे शुभसंदेश दोन पानांत आटपा आणि ती वाचवलेली पानं या लोकांना द्या. गावाचा एवढा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नसतो.

दिवस दत्तक. दरमहा खर्चासाठी मला हा मार्ग सगळ्यात जास्त आवडतो. वर्षाचे ३६५ दिवस, प्रत्येक दिवसाची एक रक्कम, म्हणजे त्या दिवशी युनिटमध्ये होणाऱ्या डायलिसिसचा औषधासकट खर्च, आणि तो दिवस एका कुटुंबाचा. आपल्याकडे लोक वडिलांच्या वर्षश्राद्धाला, आईच्या पंचाहत्तरीला, सहस्रचंद्रदर्शनाला, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचं ठरवतातच, त्यांना फक्त जागा दाखवावी लागते. तारखेने की तिथीने हे देणाऱ्याला विचारा, तिथी असेल तर दरवर्षी तारीख बदलते, ती पंचांग बघून आधी कळवायची जबाबदारी एका मेंबरवर द्या. त्या दिवशी युनिटच्या फळ्यावर नाव लिहायचं आणि फोटो कुटुंबाला पाठवायचा, फळ्याचा फोटो, पेशंटचा नाही. पुढच्या वर्षी तारखेच्या महिनाभर आधी फोन. यातले निम्मे लोक जरी दरवर्षी टिकले तरी युनिटला केवढा आधार होतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी द्यायचा पैसा. शेजारी एमआयडीसी असेल तर जरूर प्रयत्न करा, पण नियम कळून जा. कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही असेल तर तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरला द्यावे लागतात. घेणाऱ्या ट्रस्टकडे सीएसआर-१ नोंदणी, १२ए, ८०जी आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. छोट्या कारखान्याला हे बंधन नसतं, तिथे मालकाला साधी देणगी मागा. कंपनीला पत्र एप्रिल ते जूनमध्ये द्या, जानेवारीत गेलात तर बजेट वाटून झालेलं असतं.

रोटरी असाल तर ग्लोबल ग्रँटचा, म्हणजे रोटरी फाउंडेशनकडून मोठ्या कामांना मिळणाऱ्या अनुदानाचाही विचार करा. निदान ३०,००० डॉलरचा प्रोजेक्ट लागतो, दुसऱ्या देशातला पार्टनर क्लब लागतो, क्लबच्या लोकांनी ग्रँट मॅनेजमेंटचा सेमिनार केलेला लागतो, गरजेचा अभ्यास लागतो, म्हणजे तुम्ही सुरुवातीला वहीत लिहिलेले ते आकडे इथे कामाला येतात. मंजुरीला वेळ जातो आणि मंजुरीच्या आधी मशीन घेतलंत तर तो खर्च ग्रँटमधून भरून मिळत नाही, म्हणून समारंभाची तारीख गाठायच्या घाईत ऑर्डर देऊ नका.

वॉकेथॉन, सायकल रॅली, फूड फेस्टिव्हल हे सगळं करा, गाव एकत्र येतं, इंटरॅक्ट आणि रोटरॅक्टची, म्हणजे रोटरीच्या शाळकरी आणि तरुणांच्या क्लबांची पोरं जीव ओतून राबतात, ॲन मंडळींचा, म्हणजे मेंबरांच्या बायकांचा स्टॉल सगळ्यात आधी संपतो, पण यातून मोठा निधी येईल असं बजेटमध्ये धरू नका.

मागायला जाताना

दोघांनी जावं, त्यातला एक देणगीदाराच्या ओळखीचा आणि एक ज्याला कामाची माहिती आहे असा. दुकानात बोहनी व्हायच्या आधी जायचं नाही, आठवडी बाजाराच्या दिवशी जायचं नाही. जाणाऱ्याने आधी स्वतःची देणगी दिलेली असली पाहिजे, आणि मी इतके दिलेत हे सांगायला लाजू नये, त्या एका वाक्यानं समोरचा सावरून बसतो.

काका, तुम्हाला जमेल तेवढं द्या, असं म्हणू नका. समोरच्याला कळत नाही किती द्यावं आणि तो सगळ्यात लहान आकडा देऊन सुटतो. स्पष्ट सांगा, एका पेशंटचा महिन्याचा खर्च एवढा आहे, तुम्ही एका पेशंटचे सहा महिने घ्याल का? मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, आपले लोक मधेच स्वतःच आकडा कमी करतात. नाही म्हणाला तर चहा घेऊन हसत बाहेर या आणि आमंत्रण तरीही द्या. हो म्हणाला तर तिथल्या तिथे पावती, तारीख, पॅन. दहा रुपये देणारा हमाल असला तरी पावती सारखीच, नावासकट, त्याचं नाव यादीत तितक्याच मोठ्या अक्षरात.

दबाव मात्र कुठेही नको. डॉक्टरने पेशंटकडे, मुख्याध्यापकाने पालकांकडे, साहेबाने हाताखालच्या माणसाकडे देणगी मागायची नाही. क्लबमध्ये ही सगळी मंडळी असतात म्हणून हे आधीच ठरवून टाका.

चार्टर डे

संध्याकाळी साडेसहा दिलीत तर साडेसहाला सुरू करा. राष्ट्रगीत, छोटं प्रास्ताविक, मग चार्टर मेंबरांचा सत्कार, आणि तो चीफ गेस्टच्या भाषणाच्या आधी, लोक ताजेतवाने असताना. वयस्क मंडळींना स्टेजच्या पायऱ्या चढायला लावू नका, आपण खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी जा. शाल श्रीफळ पुरे. गेलेल्या मेंबरांच्या पत्नी, मुलं यांना पहिल्या रांगेत बसवा, त्यांना बोलवायची आठवण ठेवणारा एक माणूस नेमा. निधीचा आकडा फळ्यावर, किती ठरला होता, किती जमला, किती बाकी आहे. बाकी असेल तर तसं सरळ सांगा, त्याच सभागृहात बाकी कमी होते असा माझा अनुभव आहे. भाषण वीस मिनिटं, चीफ गेस्टना आदल्या दिवशी फोन करून सांगायचं. डिस्ट्रिक्टच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं सूत्रसंचालकाने एकदाच घ्यावीत, प्रत्येक वक्त्याने पुन्हा घेत बसू नये.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पेशंटला स्टेजवर बोलावून त्याच्या हातात काही देतानाचा फोटो काढू नका. आजारी माणूस आहे, त्याला गावात राहायचंय, मुलीचं लग्न करायचंय. त्याने स्वतःहून बोलायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी, तेव्हाही आधी एकट्यात विचारा आणि नाही म्हणायची पूर्ण मोकळीक द्या.

हिशोब

समारंभानंतर तीस दिवसांत दोन्ही खात्यांचा जमाखर्च मेंबरांसमोर, आणि निधीच्या खात्याचा सगळ्या देणगीदारांसमोर. एक पान पुरे: आले किती, खर्च किती, हॉस्पिटलला दिले किती, शिल्लक किती आणि ती कशासाठी. मशीनच्या बिलाची प्रत ज्याला बघायचीय त्याला बघू द्या. सह्या दोन मेंबरांच्या, ज्यातला एक कमिटीत नव्हता. आभाराचं पत्र हिशोबाच्या पानाबरोबरच पाठवा, सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड करू नका, वरचं नाव तरी हाताने लिहा.

३० जूनच्या आधी पुढच्या टीमच्या हातात एक फाईल द्या. त्यात करार, मशीनची वॉरंटी आणि वार्षिक देखभालीच्या कंत्राटाच्या तारखा, आरओचे फिल्टर कधी बदलले, पॅनसकट देणगीदारांची यादी, दिवस दत्तकचं कॅलेंडर, बँकेच्या सह्या बदलायचा ठराव. आणि नव्या बोर्डाच्या अजेंड्यावर दर तीन महिन्यांनी एक विषय कायम राहू द्या, युनिटमध्ये या तिमाहीत किती डायलिसिस झाले, मशीन किती दिवस बंद होतं आणि का. हा आकडा आणायला प्रत्येक वेळी वेगळ्या मेंबरने प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये जायचं, फोनवर विचारायचं नाही.